शनिवारची सकाळ बडोद्यात

ऑफिसात दर महिन्याला कोणी ना कोणी हे विचारतंच. परवा नव्याने लागलेल्या मुलाने विचारलं, "ताई, तुमचं काम शुक्रवारी संध्याकाळी संपतं. रात्रीच्या गाडीत बसलात तर सकाळी घरी. तरी तुम्ही शनिवारी दुपारी निघता. बडोद्यात एवढं आहे तरी काय?" मीटिंगची वेळ झाली होती, म्हणून "खूप आहे रे" एवढंच म्हणून मी उठले. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

माझं काम औषधांच्या कारखान्यांतले तापमापक आणि दाबमापक तपासायचं, कॅलिब्रेशनचं. बोरिवलीला गाडीत बसलं की चार-साडेचार तासांत बडोदं येतं. अकरा वर्षं जाते आहे. पहिली दोन वर्षं बडोदं म्हणजे माझ्या लेखी स्टेशन, रिक्षा आणि कारखान्याचं गेट. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत जेवण वर मागवायचं, रिपोर्ट लिहायचा, झोपायचं. मग एकदा एका कारखान्यात बॉयलर बंद पडला आणि आमचं काम शनिवारी दुपारवर गेलं. अख्खी सकाळ मोकळी. स्टेशनजवळच्या हॉटेलातून निघून चालत कमाटी बागेत गेले, तिथून विश्वामित्रीच्या पुलाकडे, आणि कीर्तिमंदिराच्या पायऱ्या दिसल्या म्हणून वर चढले.

कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचं स्मृतिस्थान. सयाजीराव महाराजांनी १९३६ साली ते बांधून घेतलं. मधल्या दालनाच्या चारही भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाईचं आयुष्य, 'नटीर पूजा' आणि महाभारताचं युद्ध. त्या दिवशी मी चारही चित्रं दहा मिनिटांत पाहून बाहेर आले. प्रवासी बघतो तसंच बघितलं. पण रिक्षात बसल्यावर 'नटीर पूजा'च्या चित्रातल्या नाचणाऱ्या बाईचा हात डोळ्यांपुढून जाईना.

पुढच्या फेरीला पुन्हा गेले, ती फक्त त्या एका भिंतीसाठी.

'नटीर पूजा' ही रवींद्रनाथांच्या नाटकातली गोष्ट. राजाने बुद्धाच्या पूजेला बंदी घातली आहे आणि राजनर्तकी श्रीमतीला हुकूम आहे की स्तूपापुढे नाच. हेतू विटंबनेचा. ती नाचते, पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवून ठेवते आणि तो नाचच तिची पूजा होतो. त्यासाठी तिला मरावं लागतं. १९२६ साली शांतिनिकेतनात हे नाटक झालं तेव्हा श्रीमतीचं काम नंदलालबाबूंच्या मुलीने, गौरीने केलं होतं. आणि १९४३ मध्ये बापाने बडोद्याच्या भिंतीवर तो नाच रंगवला. हे मला तीन-चार फेऱ्यांनंतर वाचून कळलं. कळल्यावर गेले तेव्हा भिंत तीच, रंग तेच, पण मी तिथून लवकर हलू शकले नाही. सतरा वर्षांपूर्वीची मुलीची मान, मनगट, पाऊल त्या माणसाने कुठे जपून ठेवलं असेल? माझी मुलगी कथक शिकते. तिचा पाय नेमका कसा पडतो हे मला उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल का, हे तिथे उभं राहून मी स्वतःला विचारलं. त्या आठवड्यापासून तिच्या क्लासला मोबाइल न काढता बसते.

आमच्या कामात एका वाचनावर कोणी सही करत नाही. काटा चढताना बघायचा, उतरताना बघायचा, पुन्हा चढवायचा. पहिलं वाचन बऱ्याचदा सरळ दिसतं, खरी चूक परतीच्या वाचनात सापडते. चित्राचंही तसंच असतं, असं मला वाटायला लागलं आहे. फिरायला आलेल्या माणसाला एका दिवसात राजवाडा, संग्रहालय, बाग सगळं उरकायचं असतं. मला महिन्याला एक शनिवार मिळतो, त्यात मी एकच गोष्ट बघते. कामाने फिरणाऱ्याला मिळालेली ही मोठीच सवलत आहे, आणि आम्ही ती टीव्हीपुढे घालवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नंदलालबाबूसुद्धा इथे कामालाच येत होते की. १९३९ पासून १९४६ पर्यंत, शांतिनिकेतनहून विद्यार्थ्यांना घेऊन, एका फेरीत एक भिंत. राजा रवि वर्मा १८८१ साली तरुण सयाजीरावांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने भावाबरोबर आले आणि काही महिने राहिले. नंतर महाराजांनी त्यांच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करून घेतली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, तिथे विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा समोरासमोर बघता येतात. लहानपणी आजीच्या देवघरात रवि वर्मांच्या छापील तसबिरी होत्या, गुळगुळीत आणि फिकटलेल्या. मूळ तैलरंगात पातळाच्या निऱ्यांची सावली बघितली की छापात काय काय हरवलं ते कळतं. १९५० मध्ये इथल्या विद्यापीठात कलाशाखा सुरू झाली तेव्हा चित्रकला शिकवायला आले ना. श्री. बेंद्रे, मूळ इंदूरचे. बाहेरून कामाला आलेल्यांनी हे शहर रंगवलं आहे.

आता खाणं, कारण त्याबद्दलच जास्त विचारणा होते. शुक्रवारी संध्याकाळी हॉटेल सोडून मी दांडिया बाजारातल्या एका काकूंकडे राहायला जाते. आमच्या शेजाऱ्यांच्या त्या नात्यातल्या. घरात मराठी, बाहेर ओट्यावर आलं की गुजराती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "जेवायला आठला ये, पण त्याआधी सेवउसळ खाऊन ये. ती घरात करायची गोष्ट नाही गं."

खरंच नाही. पांढऱ्या वाटाण्याची पातळ, गरम उसळ खोलगट ताटलीत येते. वर जाड शेव, पातीचा कांदा, बाजूला पाव, लिंबू, लसणाची लाल चटणी. तर्री वेगळी, आपल्या हाताने घ्यायची. मुंबईच्या मिसळीच्या सवयीने मी पहिल्यांदा सगळं एकदम कालवलं. गाडीवाल्याने हात पुढे करून थांबवलं, "बेन, थोडी थोडी." शेव मऊ पडायच्या आत तो भाग संपवायचा, मग पुन्हा थोडी शेव, पुन्हा तर्री. उसळ आपली, शेव त्यांची, आणि दोघींनी मिळून तिसरंच काहीतरी केलेलं. हा पदार्थ मी बडोद्याबाहेर दोनदा खाऊन बघितला. नाही जमत.

हिवाळ्यात काकू उंधियू करतात आणि तो वरणभाताबरोबर वाढतात, त्यावर इथल्या कोणालाच नवल वाटत नाही. शनिवारी निघताना रावपुऱ्यातून लीलो चिवडा घ्यायचा. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, जिभेला आधी गोड आणि मग तिखट. आपल्या चिवड्यासारखा तो कुरकुरीत नसतो, ओलसर असतो, म्हणून ऑफिसात पहिल्यांदा आणला तेव्हा सगळ्यांना वाटलं सादळलाय. तसाच असतो तो.

रावपुऱ्यातच भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. ते गणपतराव गायकवाडांचे दिवाण. लाकडी चौमजली वाडा आणि आत भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं: कृष्णलीला, मराठे-इंग्रजांच्या लढाया, टोपीवाले साहेब. काकू म्हणतात, "आम्ही रोज त्यावरून जातो, आत शेवटचं कधी गेले आठवत नाही." मागच्या महिन्यात त्यांना घेऊन गेले. गुडघे दुखत होते तरी त्या जिना चढल्या आणि एका चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ही पगडी बघ, आमच्या आजोबांच्या फोटोत अशीच आहे." फोटो त्यांनी घरी जाऊन काढून दाखवला. खरंच तशीच होती.

येत्या शुक्रवारी पुन्हा बडोद्याजवळच्या सावली गावी काम आहे. महाभारताची भिंत मी अजून नीट पाहिलेली नाही. दर वेळी नटीपुढेच वेळ संपतो. या वेळी तिच्याकडे पाठ करून उभी राहणार आहे. दुपारची गाडी धरीन. चिवडा कोणाला हवा असेल त्यांनी गुरुवारपर्यंत सांगा, ताजा असतानाच घ्यावा लागतो.