बाबांची लाल एटहंड्रेड, दोन बादल्या आणि माझे दुखरे खांदे

तर झालं असं की दसऱ्याच्या आधी बाबांची ९८ सालची लाल मारुती एटहंड्रेड जरा चकाचक करून घ्यावी म्हणून एका डिटेलिंगवाल्याकडे नेली, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला साहेब पॉलिशचं मशीन मारतो, सात हजार होतील, पण रंग उडाला तर माझ्यावर येऊ नका. म्हणलं राहू दे, हातानेच करतो.

तो खोटं बोलत नव्हता खरं तर. गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, म्हणजे दीडदोन केसांएवढा, आणि आमच्या गाडीवर तर वीस वर्षांत किती जणांनी रबिंग करून तो खरवडलाय देव जाणे. मशीन एका जागी जरा जास्त थांबलं, तापलं, की कडेचा रंग संपला आणि खालचा प्रायमर दिसला. हाताने एवढी उष्णताच तयार होत नाही. तेवढा जोरच नसतो ना आपल्यात.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. रोज सकाळी कोरडं फडकं फिरवून गाडी "पुसणं" ही जी आपल्याकडची पद्धत आहे ना, तिनेच गाडीची वाट लागते, कारण आपण धूळ काढत नसतो, ती रंगावर घासत असतो. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात त्या याच्याच. त्यामुळे आधी नुसतं पाणी भरपूर, मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, फडकं गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं मग शाम्पूत बुडवायचं. टपापासून खाली यायचं, गोल गोल नाही, सरळ हात मारायचा, आणि चाकांचं फडकं वेगळं. शेवटी साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा, चमचाभर बारीक वाळू निघते, ती सगळी एरवी रंगावर फिरली असती. भांड्याचा साबण नको, वॅक्स असेल तर तेही घेऊन जातो. आमच्याकडे टँकरचं पाणी, वाळलं की पांढरे ठिपके, म्हणून सावलीत धुतली आणि लगेच पुसली, जुने ठिपके व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून काढले आणि परत धुतलं. दाराखालचे डांबराचे डाग रॉकेलच्या बोळ्याने गेले.

मग क्ले. ही गाडीवरची चिकटलेली घाण ओढून काढणारी एक मऊ वडी असते, खरी माती नाही, पण आपल्या शाळेतल्या चिकणमातीसारखी मळता येते. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवर बोटं फिरवा, पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखं खरखरीत लागतं, धुवून न निघालेली घाण असते ती. शाम्पूचं पाणी शिंपडायचं आणि क्ले अलगद सरकवायची, आधी अडकते, मग हळूहळू काचेवरून गेल्यासारखी जाते, तो क्षण जाम भारी वाटतो. डाव्या दारापाशी माझ्या हातातून ती खाली पडली. पडलेली क्ले फेकून द्यायची असते हे मला माहीत होतं. तरी मी झटकली, पाण्यात बुडवली आणि परत वापरली, आणि दारावर वीतभर लांब चार नव्या रेघा स्वतःच्या हाताने मारून घेतल्या. असो.

दुसऱ्या रविवारी पॉलिश. रबराच्या पट्ट्या आणि काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावली (नाहीतर पांढरं बसतं आणि नंतर टूथब्रशने घासत बसावं लागतं), फोमच्या गोळ्यावर वाटाण्याएवढं पॉलिश घेतलं, दोन बाय दोन फुटाचा चौकोन धरला आणि घासायला सुरुवात केली. दोन मिनिटांत फोम लालभडक! माझं काळीजच हललं, वाटलं झालं, रंग काढला आपण. पण या जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर बऱ्याचदा वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतोच, त्यामुळे मेलेला रंग फडक्याला येणारच. फिकट गुलाबी पडलेलं टप परत लाल होताना बघितलं तेव्हा जीवात जीव आला. नखाला अडकते ती रेघ मात्र पॉलिशने जात नाही, तिच्यामागे लागायचं नाही. एका दाराला पाऊण तास, खांद्याचा पार भुगा.

बोनेटवर एक गंमत सापडली. दरवर्षी आई एकाच जागी कुंकवाचं स्वस्तिक काढते, वर झेंडूचा हार, आणि ते दोन दोन दिवस तसंच राहतं. गुलाबीपणा निघाल्यावर तिरकं बघितलं तर तिथे स्वस्तिकाची पुसटशी आकृती रंगातच उतरलेली. तीनदा घासलं, फिकी झाली पण गेली नाही. बाबा खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले आता तेवढं राहू दे, भोक पाडशील.

आतलं काम पटकन झालं. सीटखाली शेंगदाण्याची टरफलं, एक आठ आणे, एसीच्या जाळीत रंगवायचा जुना ब्रश फिरवला.

शेवटी कार्नोबा वॅक्स, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं ते. एकदम पातळ लावायचं, बोट फिरवून स्वच्छ रेघ उमटली की पुसायचं. एक गोष्ट, जुन्या बनियनचं फडकं वापरणार असाल तर शिवण कापून टाका, तिनेही रेघा पडतात.

दसऱ्याला सकाळी आई ताट घेऊन खाली आली, ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि नेहमीच्या जागी स्वस्तिक काढायला गेली तर रेघच धरेना, सगळ्याचे बारीक बारीक थेंब होऊन बोनेटवरून घरंगळायला लागले. तिने दोनदा काढलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय फासून ठेवलंयस रे याला?" बाबा हसायला लागले. शेवटी तिने पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं, छोटंसं.