बर्लिन: हिरवे, नारिंगी, लाल आणि राखाडी ठिपके

मी व्हीलचेअरवर फिरते. त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की आधी बघते ते दारात पायरी किती उंच आहे, लिफ्ट चालू आहे का आणि स्वच्छतागृहात चाकं वळतात का. प्रेक्षणीय वगैरे नंतर.

बर्लिनची ओढ होती ती व्हीलमॅपमुळे. व्हीलचेअरने कुठे जाता येतं ते दाखवणारा हा ऑनलाइन नकाशा २०१० साली याच शहरात सुरू झाला. तो सुरू करणारे राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. आपण दर वेळी त्याच कॅफेत का भेटतो, असं एका मित्राने त्यांना विचारलं. कारण साधं होतं, तिथे पायरी नव्हती. त्यातून हा नकाशा निघाला. तो ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतो आणि माहिती कोणीही भरू शकतं. पायरीशिवाय आत जाता आलं तर हिरवा ठिपका, सात सेंटिमीटरपर्यंतची एकच पायरी असेल तर नारिंगी, त्याहून अवघड ते लाल. कोणी पाहिलंच नसेल तर राखाडी. स्वच्छतागृहाची खूण वेगळी असते, आणि ते बरंच आहे, कारण दार सोयीचं म्हणजे सगळं सोयीचं असं नसतं.

सोबत धाकटा भाऊ होता. एस-बानला, म्हणजे तिथल्या लोकलला, फलाटाच्या पुढच्या टोकाला थांबायचं, म्हणजे चालक उतरून घडीचा रॅम्प लावून देतो. खरी धाकधूक लिफ्टची. नकाशात स्टेशन हिरवं असलं तरी आज सकाळी लिफ्ट बंद पडली असेल, तर तो हिरवा रंग काय कामाचा? त्यासाठी ब्रोकनलिफ्ट्स नावाचं संकेतस्थळ आहे. कुठली लिफ्ट बंद आहे ते तिथे दिसतं. एकदा उतरायचं स्टेशन त्या यादीत दिसलं, तेव्हा आम्ही एक स्टेशन पुढे जाऊन बसने मागे आलो. वैतागले, पण फलाटावर अडकले नाही.

नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या होलोकॉस्ट स्मारकापाशी मात्र ठिपक्याची मर्यादा कळली. २,७११ काँक्रीटचे ठोकळे, मधल्या वाटा जेमतेम ९५ सेंटिमीटर रुंद आणि खालची जमीन मुद्दामच उंचसखल. चाकांना झेपतील अशा वाटा मोजक्याच. आत जाता येतं, पण हवं तिथून नाही. एवढी गोष्ट एका रंगात कशी मावणार? फुटपाथच्या छोट्या दगडी फरशीचंही तेच. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्याचा पृष्ठभाग नोंदवायची सोय आहे, पण कुणीतरी नोंदवायला तर हवा! पाऊण तास त्या दगडांवर खडखडत गेल्यावर पाठीला जे कळतं, ते नकाशाला कळत नाही.

मला राखाडी ठिपका त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. ‘सर्वांसाठी सुगम’ अशी पाटी लावणाऱ्यापेक्षा माहीत नाही म्हणणारा परवडला. पायरी किती सेंटिमीटर ते सांगा, जायचं की नाही ते माझं मी ठरवीन.

एका गल्लीत असंच राखाडी ठिपक्याचं पुस्तकाचं दुकान दिसलं. भावाने टेप काढून पायरी मोजली.

“ताई, नऊ भरतेय. लाल टाकू?”

तेवढ्यात आतून एक बाई लाकडी रॅम्प घेऊन बाहेर आल्या. तो दाराआडच असतो, म्हणाल्या.

“अरे थांब, आधी आत जाऊन येऊ,” मी म्हटलं. मग रंगाचा वाद बाजूला ठेवून आम्ही टिप्पणीत लिहिलं: पायरी नऊ सेंटिमीटर. लाकडी रॅम्प दाराआड असतो, बाहेरून दिसत नाही, मोठ्याने हाक मारा.