आमची वाटचाल : लीथचं मासिक, लीथची पुस्तकं

मी सावंतवाडीची. प्रकाशनाचा अभ्यासक्रम करायला एडिंबरोला आले आणि तिथल्याच लीथ बंदराला चिकटले. याच शहरात 1992 साली केव्हिन विल्यमसन यांनी ‘रेबेल इंक’ मासिक काढलं होतं. पुढे 1994 मध्ये ग्लासगोचे कादंबरीकार जेम्स केलमन यांना बुकर पारितोषिक मिळालं, तर ग्लासगोची बोली आणि शिव्या यांवरून केवढा गहजब! एका परीक्षकानेच जाहीर नापसंती दर्शवली. मालवणी म्हणजे नाटकात हसवण्यापुरती, असं म्हणणारे मी लहानपणापासून ऐकलेत. त्यामुळे कोणाच्या बाजूने उभं राहायचं, हे मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

बोलीतल्या लेखनाचं मासिक काढायचं ठरलं. माझ्या ग्लासगोच्या भागीदाराने जुनं रिसोग्राफ, म्हणजे एका वेळी एका रंगाचा ड्रम लावून छापायचं यंत्र, आणलं. आधी लाल ड्रम, मग काळा. शाई लवकर सुकत नाही, म्हणून मुखपृष्ठं रात्रभर दोरीवर. घडी हाडाच्या पट्टीने दाबायची, पिना लांब हाताच्या स्टेपलरने. नियम एकच : बोलीतल्या शब्दात अक्षर गळलं म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी द्यायची नाही. ती खूण म्हणजे बोली चुकीची इंग्रजी असल्याची कबुली. लेखकाने कोणाची माफी मागायची?

गोदीतून निवृत्त झालेले एक आजोबा आमचे पहिले वर्गणीदार. वर्गणी रोख आणून देत, मग प्रूफ मोठ्याने वाचत. जिथे अडखळत, तिथे मी पेन्सिलीने खूण करायची. आजही त्या खुणांशिवाय एकही पान छपाईला जात नाही.

मासिकातून पुस्तकं निघाली, चांगली चालली. आणि आमचा वितरक बुडाला. विक्रीचे पैसे त्याच्याकडे, उरलेल्या प्रती त्याच्या गोदामात, आणि दाराला कुलूप. छापखान्याचं बिल मात्र आमच्या टेबलावर. आदल्या आठवड्यापर्यंत हाच माणूस फोनवर ‘चेक निघालाय’ म्हणत होता. मी ते विसरलेले नाही. भागीदाराने करारात एक कलम हट्टाने घालून घेतलं होतं : पैसे मिळेपर्यंत माल आमचा. त्या कलमावर बोट ठेवून आम्ही लिक्विडेटरशी, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याशी, भांडलो आणि प्रती सोडवल्या. पैसे गेले ते गेलेच. आजोबा नातवाची व्हॅन घेऊन आले, खोकी त्यांच्याच बैठकीत रचली.

नवीन प्रकाशकांनो, हे कलम घाला. दर तिमाहीला गोदामात जाऊन प्रती स्वतः मोजा. न खपल्यास परत घेण्याच्या अटीवर दिलेला माल विकला गेला असं दुकानाच्या ऑर्डरीवरून धरू नका. परती मागाहून येतात, आणि 50 टक्के कमिशन देऊन हातात काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच हलाखीत लंडनच्या एका बड्या प्रकाशनाने आमची लेखिका नेली. तिने जावं, तिचा हक्कच आहे. पण तिच्या पहिल्या कथा आम्ही छापल्या, खर्ड्यांवर रात्री जागवल्या, आणि त्यांच्या पुस्तकात आमच्या मासिकाचं नाव कुठेच नाही. वर बोलीत सगळीकडे अपॉस्ट्रॉफी घातल्यात! आमचे ते जुने अंक अजून विक्रीला आहेत. तिच्या कथा मूळ रूपात वाचायच्या असतील, तर ते मागवा.