तुम्ही विचारलंत म्हणून: केमोची ‘सवय’ होते का?

“पहिल्या तीन सायकलींत गाठ निम्मी झाली होती. मग तेच औषध चालेना. डॉक्टरांनी दुसरं दिलं, तर तेही चालेना. शरीराला केमोची सवय होते का गं?”

मी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी वाढवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री अकराला फोनवर येतो. थोडं थांबून दुसरा येतो, तो जास्त दुखरा: “आमचं काही चुकलं का?” एका काकूंनी विचारलं होतं, काकांनी हट्ट धरला म्हणून एक हापूस दिला, त्याने तर नसेल ना झालं?

सवय हा शब्द मला पटत नाही. कपाशीवरच्या अळीला फवारणीची सवय होत नाही. ज्या थोड्या अळ्या फवारणीला पुरून उरतात, त्यांचीच पुढची पिढी शेतात दिसते. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्या एकसारख्या नसतात. औषधाने बहुतेक मरतात, गाठ आक्रसते, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. उरलेल्या मूठभर पेशी वाढू लागतात.

पण एका औषधातून वाचलेली पेशी कधी न पाहिलेल्या दुसऱ्या औषधालाही का दाद देत नाही? मला या विषयात ओढलं ते याच कोड्याने. केमोची तीन औषधं घ्या: व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून आलं, डॉक्सोरुबिसिन मातीतल्या जिवाणूपासून, पॅक्लिटॅक्सेल यू नावाच्या झाडाच्या सालीतून. तिघांची रचना वेगळी, मारायची रीतही सारखी नाही. तरी काही पेशी तिघांनाही दाद देत नाहीत. १९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांना अशा बहुऔषध-प्रतिरोधी, म्हणजे अनेक औषधांना पुरून उरणाऱ्या, हॅमस्टर पेशींच्या आवरणात एक मोठं प्रथिन सापडलं. त्यांना वाटलं, हे औषधाला आत शिरू देत नाही. म्हणून पारगम्यतेच्या, म्हणजे आरपार जाऊ देण्याच्या, इंग्रजी शब्दातला ‘पी’ घेऊन नाव पडलं पी-ग्लायकोप्रोटीन. पुढे कळलं की औषध आत शिरतं. हे प्रथिन पेशीची ऊर्जा खर्चून ते बाहेर उपसतं. विहिरीवरच्या पंपासारखं. त्याची पकड सैल असते, त्यामुळे मोठे, तेलकट स्वभावाचे पुष्कळ रेणू त्यात अडकतात. एकच पंप तीन औषधं फेकतो तो असा.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध, ज्याचं नाव विसरलं तरी रंग रुग्णांच्या लक्षात राहतो. विशिष्ट प्रकाशात ते स्वतःच चमकतं. साध्या पेशींना दिलं की प्रत्येकीचं केंद्रक लालभडक होतं. शेजारच्या डिशमध्ये, औषधाची मात्रा कित्येक महिने हळूहळू वाढवत तयार केलेल्या पेशी होत्या. तेच औषध, तेवढाच वेळ. केंद्रकं जवळजवळ काळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जागेवरून उठले नाही बराच वेळ.

मग पंपच बंद का करत नाहीत? केलेत प्रयत्न. १९८१ मध्ये जपानमध्ये त्सुरुओ या संशोधकांनी दाखवलं की हृदयविकारात देतात ते व्हेरापामिल या पंपाला अडवतं. पण माणसात त्यासाठी लागणारी मात्रा हृदयालाच झेपेना. नंतरची खास औषधंही मोठ्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. कारण हा पंप कर्करोगाने शोधलेला नाही. तो आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत असतो आणि विष बाहेर टाकतो. ॲमस्टरडॅममध्ये या पंपाचं जनुक काढलेले उंदीर वाढवले होते. एकदा गोचिडासारख्या बारीक किड्यांसाठी आयव्हरमेक्टिन फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेले मेले. औषध थेट मेंदूत साचलं होतं. गाठीतला पंप अडवायला जावं, तर हे पहारेकरीही हटतात, केमो रक्तात जास्त वेळ राहते आणि तिचा डोस कमी करावा लागतो.

सगळा दोष पंपाचाही नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला तो उपसत नाही. तिथे पेशी औषधाने बिघडवलेला डीएनए दुरुस्त करून किंवा औषध निकामी करून वाचते. काही पेशी मरण्याचा आतला आदेशच पाळत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या रीतीने मारणारी औषधं पहिल्यापासून एकत्र देतात. एकीतून निसटलेली दुसरीत सापडावी.

हापूसवाल्या काकूंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या पेशी आधीपासूनच होत्या तिथे?”

बहुधा हो, काकू. पहिलं सलाइन लागलं त्याच्याही आधीपासून.