बेटी बूथरॉइड बाईंबद्दल

आज दुपारपासून एकच बाई डोक्यात आहे. ब्रिटिश संसदेतलं २७ एप्रिल १९९२चं जुनं चित्रण बघितलं. बेटी बूथरॉइड स्पीकर झाल्या तो दिवस. ३७२ विरुद्ध २३८ मतं. प्रथेप्रमाणे सहकारी त्यांना ओढत खुर्चीपर्यंत नेतात, कारण जुन्या काळी राजाला नको ते ऐकवणं स्पीकरच्या जिवावर बेतायचं. सहाशे वर्षांहून जुन्या पदावर पहिल्यांदाच बाई!

मला मात्र त्याआधीची वर्षं जास्त मोठी वाटतात. यॉर्कशरमधल्या ड्यूजबरीत कापड गिरणीत राबणाऱ्या आईबापांची ही एकुलती एक मुलगी, तरुणपणी काही काळ रंगमंचावर नाचलेली. १९५७ मध्ये लेस्टरला पोटनिवडणूक लढली, हरली. १९५९ मध्ये पीटरबरोला हरली. मग १९६५ ते ६८ लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये नगरसेविका. इतकं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं, वॉर्डातच बरं आहे. या बाई आणखी दोनदा उभ्या राहिल्या, दोन्हीदा पडल्या! अखेर १९७३ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, वेस्ट ब्रॉमिचची पोटनिवडणूक जिंकून खासदार झाल्या.

स्पीकर झाल्यावर परंपरेचा केसांचा टोप त्यांनी घातलाच नाही. मला हे फार आवडलं.

आमच्या भागातल्या एक ताई महापालिकेला पडल्यापासून घराबाहेर फारशा दिसत नाहीत. त्यांना ते चित्रण पाठवलंय. उद्या चहाला बोलावलंय त्यांनी.