नानखटाई, वजनकाटा आणि विजेचा मीटर

आमच्या अमळनेरात दिवाळी आली की अजूनही कुणी ना कुणी रवा-मैदा-तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातंच. मी ऑर्डरी घेऊन घरी भाजते. ओव्हन दोन: दोन हजार वॉटचा विजेचा आणि सेकंडहँड घेतलेला गॅसचा. "गॅसच परवडतो बाई" असं मी छातीठोक सांगायचे. यंदा मोजलं.

सिलिंडर किराण्याच्या काट्यावर चढवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काय वं, आते काय मोजी राहिनी?"

चार किलो नानखटाईला गॅस गेला ६२० ग्रॅम. तेवढ्याच मालाला विजेचे साडेतीन युनिट. एक किलो गॅसमध्ये साधारण १२.८ युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे गॅसवाल्या ओव्हनने आठेक युनिटांचा जाळ खाल्ला. वरचा सगळा मागच्या झरोक्यातून माझ्याच अंगावर! त्यात धंद्याला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर, तो घरगुतीपेक्षा महाग. दिवाळीत वीज स्वस्त पडली.

मे महिन्यात मात्र कूलर दिवसरात्र चालतो, बिल ३०० युनिटांच्या वर जातं आणि ओव्हनचे युनिट नेमके वरच्या दराने लागतात. बिलाची सरासरी काढून हिशोब करू नका, मी दोन वर्षं तेच करत होते. उन्हाळ्यात दोघं जवळपास सारखे.

दुरुस्तीचं म्हणाल तर विजेच्या ओव्हनचा रॉड एकदा गेला. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या दादांनी मीटर लावला, काटा हललाच नाही. रॉड चांगला असता तर २६ ओहमच्या आसपास दाखवला असता, म्हणाले. नवा बसवून तासाभरात घरी. खरा खर्च पॉइंटचा झाला: मी तो सहा अँपिअरच्या सॉकेटला लावत होते, पिन वितळून काळी पडली. सोळा अँपिअरची वेगळी लाइन ओढावी लागली.

गॅसवाल्याचा नॉब सोडला की ज्योत विझायची. एका मेकॅनिकने व्हॉल्व्हच बदलला, पैसे घेतले, ज्योत विझतच राहिली. दोष थर्मोकपलचा, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेवर गॅस चालू ठेवणाऱ्या बोटभर तांब्याच्या नळीचा! ती जळगावहून आणली. नळीपेक्षा दोन खेपांचं भाडं जास्त.

तरी तो विकला नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी लाइट गेली तेव्हा दोन ट्रे अर्धे कच्चे आत होते.