मास्क लावून झोपायला शिकताना

मंगळवार, दुपार

स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्रभर झोपेत केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला. स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास थांबण्याचा आजार. तासाला ३४. म्हणजे झोपेच्या प्रत्येक तासात सरासरी ३४ वेळा माझा श्वास एकतर पूर्ण थांबला, किंवा इतका उथळ झाला की रक्तातला ऑक्सिजन घसरला. डॉक्टरांनी कागदावरच लिहून दिलं: ५ च्या आत असेल तर सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. आणि श्वास किमान १० सेकंद थांबला तरच तो थांबला असं धरतात. माझा सर्वांत लांब थांबा जवळजवळ पाऊण मिनिटाचा आहे. ते वाचताना मी नकळत श्वास रोखून धरला होता.

घरी येऊन ह्यांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी आकड्याकडे फारसं पाहिलं नाही. म्हणाले, "अगं, तू घोरतेस तोवर मला झोप लागते. घोरणं थांबलं की जाग येते. मग परत सुरू होईपर्यंत मी तुझ्याकडे बघत बसतो."

किती वर्षं? ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझा आजार माझ्याहून आधी त्यांना कळला होता, आणि त्यांनी तो एकट्याने जागून काढला. दुपारपासून दुसरं काही सुचत नाहीये.

मंगळवार, रात्र

झोप येत नाही, म्हणून लिहिते.

मी डॉक्टरांकडे घोरते म्हणून गेलेच नव्हते. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसभर थकवा, कुठे लक्ष लागायचं नाही, रात्री लघवीला परत परत उठायचं. हिमोग्लोबिन तपासून झालं, थायरॉइड झालं, साखर झाली. पाळी थांबल्यावर असं होतंच, असंही ऐकून झालं. रात्री घोरता का, हे कोणी विचारलं नाही. कोणी विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? स्वतःचं घोरणं कोणाला ऐकू येतं?

नव्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावलं. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, आणि पुष्कळ बायका झोप लागत नाही, थकवा येतो, डोकं दुखतं, मन लागत नाही अशाच तक्रारी घेऊन येतात. त्यामुळे निदानाला उशीर होतो. मला याचा राग येतो. माझ्यापुरता नाही. थकवा म्हणजे वयाचं किंवा मनाचं काहीतरी, असं गृहीत धरून किती जणींना घरी पाठवलं गेलं असेल, याचा.

लघवीचं कोडंही त्यांनीच उलगडलं. घसा बंद असताना छाती जोर लावून हवा ओढत राहते. त्या ओढीने छातीच्या आतला दाब खाली जातो, हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि शरीरात पाणी जास्त झालंय असा हृदयाचा समज होतो. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. मी रात्री जेवणानंतर पाणी पिणं बंद केलं होतं. त्याचा काही उपयोग होणारच नव्हता.

शुक्रवार, रात्र

डॉक्टरांनी लिहून दिलेलं सीपॅप मशीन आलं. उशाशेजारच्या टेबलावर सहज मावतं. त्याला एक लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा सिलिकॉनचा मास्क, आणि डोक्यामागून घ्यायचे पट्टे. ते काय करतं, हे समजून घेतल्याशिवाय मी ते लावणार नव्हते.

जागेपणी जीभ आणि टाळूमागचे स्नायू घसा उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो, त्यांच्यात श्वास आत घेताना घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या चिकटाव्यात तशा. छाती आणि पोट हलत राहतात, पण हवा जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि मोठ्या घोरण्यासरशी श्वास परत सुरू होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. मशीन ऑक्सिजन देत नाही, फुप्फुसं चालवतही नाही. खोलीतलीच हवा जराशा दाबाने नाकातून आत सोडतं, म्हणजे त्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, साधारण ४ ते २०. माझं मशीन रात्रभरात गरजेप्रमाणे दाब वर-खाली करतं.

हे सगळं समजलं, पटलं, आणि मास्क लावून आडवी झाले तर उच्छ्वास बाहेर पडेना. समोरून वारा येतोय आणि आपण त्यात श्वास सोडायचा! छातीत धडधडायला लागलं. मास्क ओढून काढला. हे उठून बसले. मी म्हटलं, "तुम्ही झोपा." ते झोपले नाहीत.

सोमवार

डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं करते आहे. दिवसा खुर्चीत बसून, मशीन बंद ठेवून मास्क नुसता हाताने नाकावर धरायचा. सवय झाली की पट्टे लावायचे. मग मशीन सुरू करून पुस्तक वाचत बसायचं. झोपायचा प्रयत्नच करायचा नाही. रात्रीच्या भीतीला दिवसाउजेडी थोडं थोडं सामोरं जायचं, हे मला आवडलं. शिवाय मशीनमध्ये एक सोय आहे. सुरुवातीला दाब अगदी कमी, आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढत जातो. दुसऱ्या सोयीत श्वास सोडताना दाब जरा उतरतो. दोन्ही चालू करून घेतल्या. आता वारा अंगावर आल्यासारखा वाटत नाही.

हा उपाय आला कसा, तेही वाचलं. १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी झोपेत श्वास थांबण्याची नोंद केली. त्यानंतर बरीच वर्षं तीव्र रुग्णांसाठी एकच खात्रीचा इलाज होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असाच एक रुग्ण होता. त्याला ती शस्त्रक्रिया नको होती, आणि नाकातून दाबाने हवा देऊन पाहायला तो तयार झाला. त्या रात्री तो कित्येक तास सलग झोपला. १९८१ साली 'द लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा लेख आला. सुरुवातीचे मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत.

त्या पहिल्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याच्याकडे 'सवय होईल' असं सांगणारं कोणीच नव्हतं.

रविवार, सकाळ

हा आठवडा सगळा गळतीत गेला. मशीनचं ॲप रोज सकाळी तीन गोष्टी दाखवतं: किती तास वापरलं, तासाला किती वेळा श्वास अडला, आणि हवा किती गळली. पहिल्या दोन गोष्टी सुधारायला तिसरी आधी जागेवर यावी लागते.

गळते म्हणून मी पट्टे आवळत गेले. नाकाच्या दांडीवर लाल वळ उठला आणि गळती वाढली. फिटिंग करणाऱ्या ताईंनी पट्टे सैल केले, मला कुशीवर झोपवलं, मशीन सुरू केलं आणि मग मास्क बसवला. कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते, आणि मास्कची कड दाबाच्या हवेने फुगून गालावर बसायची असते. आवळली की तिला चुण्या पडतात. बसून, आरशासमोर मास्क लावायचा आणि मग आडवं व्हायचं, हे चूक आहे हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं. सांगत नाहीत.

मग तोंड कोरडं पडायला लागलं. झोपेत तोंड उघडत होतं आणि नाकातून गेलेली हवा तोंडातून बाहेर पडत होती. नाक चोंदलेलं असलं की तसं होतं. नाकाचा स्प्रे सुरू झाला, ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या टाकीची, पातळी वाढवली. ती वाढवली तर नळीत पाण्याचे थेंब जमून पहाटे गुडगुड आवाज. नळीवर कापडी आवरण चढवलं, पातळी एकाने उतरवली, आवाज गेला. एका रात्री पोटात हवा भरली आणि सकाळी पोट टम्म. डॉक्टरांनी दाबाची वरची मर्यादा जराशी खाली आणली. रात्री तोंडाला क्रीम लावणं बंद केलं, त्याने कड घसरते. सकाळी उठलं की मास्क साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचा, टाकीतलं उरलेलं पाणी फेकायचं, रात्री डिस्टिल्ड वॉटर भरायचं.

इतकं बारीकसारीक लिहून ठेवते आहे कारण 'मला मास्क जमत नाही' हे वाक्य मीच मागच्या आठवड्यात म्हटलं होतं आणि त्याला काही अर्थ नव्हता. नेमकं काय जमत नव्हतं? वळ, कोरडं तोंड, नळीतलं पाणी, पोटातली हवा, श्वास सोडताना वाटणारी भीती. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. तोंड उघडंच राहणाऱ्यांसाठी नाक-तोंड झाकणारा मास्क असतो, ज्यांना डोळ्यांसमोर काही नको त्यांच्यासाठी नुसता नाकपुड्यांशी टेकणारा. पण सगळं मिळून 'जमत नाही' म्हटलं की माणूस मशीन खोक्यात घालून माळ्यावर ठेवतो, आणि स्वतःलाच दोष देतो. मला तसल्या खोक्यांचं फार वाईट वाटतं.

गुरुवार

पहाटे मास्क निघालेला असतो. कधी काढला, आठवत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, पहिले चार-पाच तास लावता हे चांगलंच, पण पहाटेचे तास सोडू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत अंगाचे स्नायू सर्वांत सैल असतात, घशाचेही. म्हणजे ज्या वेळी गरज सर्वांत जास्त, नेमका त्याच वेळी मी मास्क काढत होते. आता मास्क निघाला की मशीन अलार्म देतं. ह्यांना त्रास होतो का विचारलं, तर म्हणाले, "अलार्म वाजला तर मला कळतं तरी काय झालं ते."

डॉक्टरांना मी हेही विचारलं, की याने हार्ट ॲटॅक टळतो ना? त्यांनी गोड उत्तर दिलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले २,७१७ लोक होते. मशीन दिलेल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. दिवसाची झापड मात्र कमी झाली, मन सुधारलं. त्यात लोकांनी मशीन वापरलं होतं रात्रीला सरासरी ३.३ तास. जास्त तास वापरलं असतं तर काय झालं असतं, हे त्या अभ्यासावरून ठामपणे सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. रक्तदाब थोडा उतरू शकतो. झापड जाते. गाडी चालवताना डोळा लागण्याचा धोका कमी होतो.

मला एवढं पुरे आहे. निदान झाल्यापासून मी गाडीला हात लावलेला नाही. सिग्नलला थांबल्यावर माझी मान कलायची, आणि मी त्याला दमणं म्हणत होते.

शनिवार

आज एक पुस्तक सलग वाचलं. पानाच्या शेवटी येऊन परत वर जावं लागलं नाही.

हे एकदम झालं नाही. ॲपवरचा आकडा पहिल्याच आठवड्यात ५ च्या आत आला होता, पण अंगातला थकवा पुढे बरेच दिवस तसाच होता. त्या दिवसांत मला वाटे, आकडा खोटा आहे. वर्षांची तुटलेली झोप भरून यायला वेळ लागतो, एवढंच होतं ते. सकाळची डोकेदुखी सर्वांत आधी गेली. रात्री उठणं कमी झालं. चिडचिड कमी झाली, हे मला लेकीने सांगितलं.

एक गोष्ट अजून टोचते. मास्क लावला की बोलता येत नाही. बोलायला तोंड उघडलं की हवा तोंडातून निसटते आणि शब्द वाहून जातात. अंधारात पडल्यापडल्या आमचं जे बोलणं व्हायचं, ते बंद झालं. आता आम्ही अर्धा तास आधी दिवा मालवतो. मास्क टेबलावर असतो. बोलून झालं की मी तो लावते आणि हे कूस बदलतात. हल्ली ते माझ्याआधी झोपतात.

मंगळवार

आईचा विचार मनातून जात नाही. आई घोरायची, आणि दुपारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. हातातलं काम हातातच राहायचं. आम्ही म्हणायचो, दमते बिचारी. तिचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नसे. तिला हाच आजार होता का, हे आता कधीच कळणार नाही. पण जबड्याची आणि घशाची ठेवण घराण्यात उतरते, आणि माझ्या बहिणीचा, ताईचा, चेहरा हुबेहूब आईचा आहे.

ताईला फोन केला. म्हणाली, "मी नाही घोरत." मी म्हटलं, भाऊजींना फोन दे. भाऊजी म्हणाले, घोरते, आणि मध्येच गप्प होते. मी त्यांना विचारलं, गप्प झाल्यावर तुम्ही काय करता? ते म्हणाले, हलवतो.

२०१९ सालचा एक अंदाज वाचला होता: जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९४ कोटी लोकांना हा आजार कमी-अधिक प्रमाणात असावा. वाचला तेव्हा तो आकडा डोक्यात शिरला नव्हता. भाऊजींचं 'हलवतो' ऐकलं आणि शिरला.

ताईला स्लीप स्टडीच्या तारांची भीती वाटते. तिला सगळं खरं सांगितलं. डोक्याला, हनुवटीला, पायाला तारा चिकटवतात, छाती-पोटावर पट्टे, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी. काहीही दुखत नाही. झोप नेहमीसारखी लागत नाही, पण तपासणीला पुरेशी लागते. परवाची वेळ मिळाली आहे. मी तिच्याबरोबर जाणार, तिथे सोडून घरी येणार आणि सकाळी आणायला जाणार. केस धुऊन ये, तेल लावू नकोस, नाहीतर तारा चिकटत नाहीत, हे तिला दोनदा बजावलं आहे. उद्या परत एकदा आठवण करायला हवी.